सासऱ्याची छत्री, सुनेची शिट्टी

मी घर सोडलं त्या सकाळी बाबा मला निरोप द्यायला हजर नव्हते. ते बंदूक जमा करायला गेले होते.

आमच्या आंबेकोंडातल्या कुणाला यात नवल वाटणार नाही. निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या सगळ्या बंदुका तालुक्याच्या पोलीस ठाण्यात नेऊन द्यायच्या आणि निकाल लागला की परत आणायच्या. नेमकी त्या दिवशी शेवटची तारीख. माझ्या लग्नाला जेमतेम दीड महिना झालेला, मिलिंद आधीच बहारीनला परत गेलेला, माझा व्हिसा हातात. दारात जीप उभी, आई बॅगेत कोकमाची पिशवी कोंबतेय, दादा सारखा घड्याळ बघतोय, आणि तीर्थरूप कुठे? तर ठासणीची बंदूक गोणपाटात गुंडाळून पहिल्या एसटीने पसार! मी रडतही होते आणि भांडतही होते. "मुलगी मोठी की बंदूक, ते एकदा सांगा म्हणावं!" आई म्हणाली, "अगो, तुला जाताना बघवणार नव्हतं त्यांना. तारखेचं आपलं निमित्त झालं." मला काही ते पटलं नाही. सोळा वर्षं झाली, अजून अर्धंच पटलंय.

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात जे घडलं त्यातलं अर्धं सगळ्या गावाला माहीत आहे. उरलेलं अर्धं फक्त घरातल्यांना. वाडीत राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे ठाणे, दुबई, कुवेत, जिकडे जागा मिळाली तिकडे पांगलेल्यांनो, ते अर्धं आता ऐका. चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते म्हणजे मला मोकळं बोलता येईल.

इथे बहारीनमध्ये, गुदैबियात, आम्ही पहिल्या दिवसापासून एकाच गल्लीत आहोत. मिलिंदच्या ऑफिसातले लोक एकेक करून रिफाला मोठ्या घरांत गेले, आम्ही हललो नाही. का हलायचं? खाली उतरलं की कढीपत्ता, अळूची पानं, इडलीचं हॉटेल, आणि चालत पाच मिनिटांवर माझा दातांचा दवाखाना. तिथे मी रिसेप्शनला असते. दिवसभर हिंदी, इंग्रजी आणि माझी मोडकीतोडकी अरबी. आता घरीसुद्धा 'चला लवकर' म्हणायच्या ऐवजी तोंडातून 'यल्ला' निघतं. लेक ईशा चौदा वर्षांची आहे. मी मराठीत ओरडते, ती इंग्रजीत उलट बोलते आणि दोघींना एकमेकींचं सगळं समजतं, हीच पंचाईत. तिकडे मी भाताच्या बांधावरून अनवाणी धावायचे, इकडे लिफ्ट बंद पडली की जीव जातो.

तिकडे बंदुकीचा बार ऐकला तर आम्ही मुलं नुसतं म्हणायचो, डुकरं आली वाटतं. घाबरायचं असतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. आठ वर्षांपूर्वी एका धुक्यातल्या सकाळी ते कळलं. भात कापणीला आलेलं, खाचरात रानडुकरांचा कळप घुसलेला. बांधावर तीन बंदुका, त्यातली एक बाबांची. दादा पलीकडून डबा बडवत डुकरं हुसकत होता. तिन्ही बार जवळजवळ एकदमच झाले आणि दादाच्या उजव्या गुडघ्यात छर्रे शिरले. पाय वाचला, पण वाकेनासा झाला. बार कुणाचा, ते कुणी सांगितलं नाही. पोलिसांच्या कागदावरही 'अपघात' एवढंच राहिलं.

मी इथून रोज फोन करायचे. दादाची बायको, आमची नंदावहिनी, एकच वाक्य बोलायची. "ज्याची बंदूक होती तो समोर येऊ दे. त्याच्या घरचं पाणी नाही पिणार मी जन्मात." आणि वहिनी बोलते ते करते. लग्नात मानपान चुकला म्हणून सख्ख्या मामाच्या दारात दहा वर्षं गेली नव्हती ती.

त्यानंतरच्या रमजानात मिलिंद आम्हाला अरादला घेऊन गेला. तिथल्या किल्ल्यापाशी रोजा सोडायच्या वेळी तोफ उडते, मुलं नटूनथटून बघायला येतात. तोफ उडाली, मुलांनी टाळ्या पिटल्या आणि मी मटकन खाली बसून ढसाढसा रडले. शेजारच्या बहारिनी बाईने मला पाणी दिलं, खजूर दिला, विचारलं काही नाही. माझा रोजा फार कडक गेला असं वाटलं असेल बिचारीला.

तर गेल्या हिवाळ्यात सरपंचपदाची निवडणूक लागली आणि वहिनीने अर्ज भरला. मी इथे स्वयंपाकघरात अक्षरशः नाचले! आमच्या घरातली बाई सरपंच! मिलिंदला म्हटलं, आज काहीतरी गोड आण. तो मिठाई घेऊन येतोय तोवर दादाचा मेसेज. अर्ज भरायच्या शेवटच्या तासाला आणखी एक नाव आलंय. कुणाचं? बाबांचं! वय वर्षं बहात्तर!

पुढे वहिनीला चिन्ह मिळालं शिट्टी आणि बाबांना छत्री. अहो, काय सांगू तुम्हाला, एका दारातून दोन प्रचारफेऱ्या निघत होत्या. वहिनी सकाळी बाबांना पेज वाढायची आणि मग पदर खोचून त्यांच्याच विरुद्ध घरोघर फिरायची. दोघांनी आईला विचारलं, तुझं मत कुणाला? आई म्हणाली, "दोघं गावभर हिंडताय, भांडी कोण घासणार ते आधी ठरवा. मग मत विचारा." इकडे आमच्या घरात दुसरा विषयच नाही. ईशासुद्धा शाळेतून आल्या आल्या विचारायची, "आई, एनी अपडेट?" त्या पंधरा दिवसांत पोरीने माझ्याशी वर्षभराचं बोलून घेतलं.

निवडणुकीत रस्ता, पाणी होतंच, पण खरा मुद्दा एकच. गावातल्या एकोणीस बंदुका आता ठाण्यात जमा आहेत. निकालानंतर त्या परत याव्यात की नाही?

मराठी टायपिंग घरात फक्त मला येतं. त्यामुळे शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी वहिनीचा फोन आला. "शुभा, माझं पत्रक तू लिही. मामंजींना सांगू नको." शनिवारी बाबांचा. "शुभे, पत्रक लिहायचंय. तुझ्या वहिनीला कळता कामा नये." दोघांनाही मी हो म्हटलं. काय करू? एकीकडे बाप, दुसरीकडे वहिनी, आणि मला तर दोन्ही फोनांनी मूठभर मांस चढलेलं.

वहिनीचं म्हणणं सरळ होतं. बंदुका परत आणायच्याच नाहीत. शेताला सौर कुंपण घालायचं, राखणीच्या पाळ्या लावायच्या, डुकरांनी नासधूस केली तर पंचनामा त्याच आठवड्यात करून घ्यायचा. तिचं शेवटचं वाक्य होतं, 'बंदूक घरात असली की एक दिवस ती माणसालाच लागते.' मी टाइप करताना म्हटलं, वा गं वहिनी!

बाबांचं म्हणणं, कुंपण येईल तेव्हा येईल, तोवर डुकरं उपाशी बसणार आहेत का? बंदुका येऊ देत, पण नियमाने. बार काढायच्या आधी देवळाच्या भोंग्यावरून गावाला वर्दी द्यायची. प्यायलेल्या माणसाच्या हातात बंदूक नाही. साठीनंतर दरवर्षी डोळे तपासायचे. पलीकडे माणूस उभा असेल तर बार काढायचाच नाही, मग पीक गेलं तरी चालेल. मी टाइप करताना म्हटलं, वा बाबा! खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला मत द्यायला लागलं असतं तर माझा हात कुठे गेला असता देव जाणे.

"झालं का बाबा?"

"पाचवा मुद्दा घे," बाबा म्हणाले, आणि हळूहळू सांगायला लागले. "ज्याच्या बंदुकीचा छर्रा माणसाला लागला, त्याने बंदूक जन्मभर सोडायची. माझ्या मुलाच्या गुडघ्यातला छर्रा माझ्या बंदुकीचा आहे. सुरुवात माझ्यापासून."

माझा हात तिथेच थांबला. मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत, तिघांचे बार होते. ते म्हणाले, "बाकीच्या दोघांचे वर गेले. मी बघितलं. माझाच खाली गेला." मी रडले, ओरडले, हात जोडले. बाबा, वहिनी घर सोडून जाईल. दादाला काय वाटेल? पोलीस येतील! त्यावर त्यांचं एकच. "तू टाइप कर."

मी नाही केलं. चार मुद्दे ठेवले, पाचवा गाळला आणि पत्रक छापखान्यात पाठवून दिलं. वर स्वतःवर खूश! माझ्या मनात एकच होतं, घर फुटता कामा नये. दोन चुली झाल्या तर मी सुट्टीला जाऊन कुणाच्या पानावर बसू? म्हटलं, बहारीनमध्ये बसून वाचवलं घर, खलास, काम फत्ते! बाबांनी छापील पत्रक बघितलं असणार, पण मला एका शब्दाने विचारलं नाही. चार दिवस फोनच नाही. मला वाटलं, आतून त्यांनाही सुटल्यासारखं झालं असेल.

पाचव्या दिवशी दवाखान्यात गर्दी असताना वहिनीचा फोटो आला. बाबांचं पत्रक. छापलेले चार मुद्दे, आणि खाली निळ्या पेनाने हाताने लिहिलेला पाचवा, जसाच्या तसा. तीनशे पत्रकं होती. तीनशेच्या तीनशे पत्रकांवर तो लिहिलेला होता. फोटोखाली वहिनीचे चारच शब्द होते, 'वन्सं, तुम्हाला माहीत होतं?' ती मला एरवी शुभा म्हणते. वन्सं म्हणाली की समजायचं, आपली धडगत नाही. पण मला त्याहून मोठा धक्का दुसराच बसला होता. ते अक्षर बाबांचं नव्हतं. ते गोल, वळणदार अक्षर दादाचं होतं.

समोर एक माणूस गाल धरून उभा होता. त्याला तसाच उभा ठेवून मी जिन्यात गेले आणि दादाला फोन लावला.

"बाबांचा हात कापतो गो आता," दादा म्हणाला. "दहा पत्रकं लिहिली आणि थकले. मग माझ्यापुढे गठ्ठा ठेवला, म्हणाले, वाच, आणि पटलं तर लिही."

"आणि तू लिहिलंस?"

"पहिली वीसेक जड गेली. डोळ्यांपुढे अक्षरच दिसेना. तर बाबा म्हणाले, अक्षर नीट काढ, मेल्या, लोकांना वाचायचंय."

आम्ही दोघं रडता रडता हसायला लागलो. मी विचारलं, तुला धक्का नाही बसला? तो म्हणाला, "मी पडलो तेव्हा समोर तेच होते, शुभे. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी सांगायची वाट बघत होतो."

आठ वर्षं! आणि मी दीडशहाणी त्या दोघांमधलं ते एकच वाक्य गाळून बसले होते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

वहिनी दोन दिवस कुणाशी बोलली नाही. आईने पेज वाढली, वहिनीने प्रचार केला, बाबा ओटीवर बसून राहिले. प्रचाराच्या शेवटच्या दिवशी देवळापुढे दोघांची एकत्र सभा होती. दादाने व्हिडिओ लावून दिला. इकडे आम्ही तिघं सोफ्यावर चिकटून बसलेलो, ईशाने माझा हात घट्ट धरलेला. वहिनी माईकपाशी आली. म्हणाली, "ज्याची बंदूक होती त्याच्या घरचं पाणी पिणार नाही, असं मी म्हटलं होतं. आता त्या घरचं पाणी रोज मीच भरते, त्याला काय करू?" गाव हसलं. ती नाही हसली. "मामंजींचा राग आहेच मला. तो जायला वेळ लागेल, आणि तो मी त्याच घरात राहून काढणार. पण त्यांचा पाचवा मुद्दा आजपासून माझ्याही पत्रकात आहे. बंदुका परत येऊ नयेत असंच मी अजूनही म्हणते. ज्याला मामंजींचं पटतं त्याने त्यांना मत द्या."

असं कुणी प्रचारात बोलतं का हो? आमची वहिनी बोलली! ईशा सोफ्यावर उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि चक्क मराठीत ओरडली, "वहिनी भारी आहे!" मी म्हटलं, अगं, तुझी मामी ती.

वहिनी अकरा मतांनी निवडून आली. मतमोजणीच्या जागेबाहेर पहिली शिट्टी कुणी वाजवली असेल? बाबांनी! पडलेला उमेदवार विजयी उमेदवाराची शिट्टी वाजवतोय, असा व्हिडिओ कुवेतपर्यंत फिरला. आठवड्याभराने बाबा दादाला घेऊन ठाण्यात गेले, लेखी जबाब दिला आणि परवाना सोडला. पुढे चौकशी काय व्हायची ती होईल म्हणाले. बाकीच्या अठरा बंदुकांचं काय करायचं ते ग्रामसभा ठरवणार आहे. त्यावर वहिनी आणि बाबा अजून रोज वाद घालतात, जेवता जेवता.

सोळा वर्षं मी समजत होते की घर तिकडे आहे आणि ते जपणं माझ्याकडे आहे. चांगलं तेवढं सांगायचं, वाईट लपवायचं, म्हणजे ते जागच्या जागी राहील. बाहेर गेलेले आपण सगळे हेच करतो, नाही का? फोनवर इकडचं लपवतो, तिकडचे तिकडचं लपवतात. आणि घर मात्र माझ्या लपवण्याला न विचारता, भांडून, रडून, खरं बोलून उभं राहिलं. मी नसताना ते चालतं हे कळलं तेव्हा थोडं दुखलं. पण जीव इतका हलका झाला म्हणून सांगू!

परवा सरपंचबाईंचा फोन आला. बंदुकांच्या ग्रामसभेची नोटीस काढायची होती.

"लिहून घ्या वन्सं," वहिनी म्हणाली. "आणि जे सांगते ते सगळं लिहा. आपल्या मनाने एक अक्षर गाळायचं नाही."

मी म्हटलं, "नाही गाळणार." आणि लिहायला बसले.