डिंपना धावली तेव्हा

ड्रमशाना गावाच्या फुटबॉल संघाला औषधपाणी करणारी डिंपना मॅकार्डल दोन तऱ्हांनी चालायची. संघ मागे असताना कुणी पडलं, की पिशवी काखोटीला मारून ही बाई गोठ्याला आग लागल्यासारखी मैदानात घुसायची. संघ पुढे असला, की तिच्या गुडघ्यांना कळा सुरू. वाटेत पिशवी पडायची, चेन अडकायची, चिकटपट्टी काही केल्या सापडायची नाही. रेफ्रीने वेळ वाढवून दिला तरी समोरच्यांची लय मोडायची ती मोडायचीच. आसपासची सगळी गावं तिच्या नावाने शंख करायची.

एरवी ती सहकारी दुकानात वासरांचं खाद्य विकायची. पण खेळाडूंच्या पडण्यातलं तिला सगळं कळायचं, कारण त्यातलं निम्मं तिनेच शिकवलेलं. "खोटं पडताना तुम्ही मेल्यांनो आधी हात टेकता," ती पोरांना म्हणायची. "रेफ्री आंधळा नसतो."

कॅरिगबॉय गावाशी अंतिम सामना होता, त्याला रेफ्री होता मॅलकी ट्रेनर, तिचाच वर्गबंधू. ड्रमशानाने तो कप कधीच जिंकला नव्हता आणि त्या दिवशी ते दोन गुणांनी पुढे होते. त्यांच्याकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातातही धरतात, आणि गोलाच्या आडव्या दांडीवरून मारला की एक गुण मिळतो. ड्रमशानाच्या गोलकीपरने वेळ काढायला फ्री किकचा चेंडू समोरच्यांना द्यायचा सोडून काखेत धरून ठेवला. मॅलकीने शिक्षा म्हणून चेंडू सरळ पन्नास मीटर पुढे, गोलासमोर नेला. कॅरिगबॉयने आयता गुण घेतला. आघाडी उरली एका गुणाची. मग मॅलकी डिंपनाकडे आला.

"आज पुरे हं डिंपना. मी हात केल्याशिवाय आत पाऊल टाकलंस, तर तुला कुंपणाबाहेर काढीन आणि फ्री किक त्यांना देईन."

"अरे, गुडघे गेलेत रे माझे."

"मागच्या रविवारी हरत होतात तेव्हा बरे होते!"

लोक हसले. ड्रमशानाचा प्रशिक्षक फॉन्सी मात्र तिच्या कानाशी लागला. "हा खरंच देईल गं. बूड हलवू नकोस."

शेवटची मिनिटं. कॅरिगबॉयच्या पोराने चेंडूला सणसणीत लाथ घातली आणि बचावातला ओरन आडवा गेला. चेंडू त्याच्या छातीवर आदळून लांब उडाला, सगळे त्याच्यामागे पळाले. ओरन दोन पावलं चालला आणि कोसळला.

"झालं सुरू!" कॅरिगबॉयचे लोक ओरडले. "ऊठ रे नाटक्या!"

मॅलकीने एकदा वळून पाहिलं आणि खेळ चालू ठेवला. त्याचं तरी काय चुकलं?

डिंपनाने मात्र पाहिलं होतं. ओरनने हात टेकले नव्हते. तोंडावरच पडला होता.

ती उठली. फॉन्सीने तिची बाही धरली. "बस खाली! त्याने हात केलेला नाही. कप घालवशील!"

तिने बाही हिसडली आणि ती धावली.

मॅलकीने संतापून शिट्टी मारली, हात ड्रमशानाच्या गोलाकडे रोखला. कॅरिगबॉयचा पोरगा चेंडू घेऊन उभाही राहिला. पलीकडे त्यांचा प्रशिक्षक बार्टली, दुपारभर डिंपनाचा उद्धार करणारा, शिवी अर्धवट सोडून थांबला.

"अरे देवा. एका गुणाने पुढे आहेत आणि ती धावतेय!"

एवढं मोठं पोट घेऊन तो माणूस क्लबच्या इमारतीकडे पळत सुटला. भिंतीवरचं हृदयाला झटका देणारं यंत्र त्याने उपसून काढलं. मॅलकीचा हात आपोआप खाली आला.

ओरनचा श्वास चालत नव्हता. डिंपना त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी दाबत राहिली. यंत्राने झटका दिला, पोराचं अंग उडालं आणि परत तसंच पडलं. ती पुन्हा दाबू लागली. "ये रे बाळा. ये ना रे." तिला रडू फुटलं होतं, पण हात थांबले नाहीत. बार्टली शेजारी गुडघे टेकून देवाला आळवत होता.

मग ओरन खोकला.

तो सामना अपुराच राहिला. पुन्हा खेळवला तेव्हा ड्रमशानाचा पार धुव्वा उडाला. गावात कुणी डिंपनाला दोष दिला नाही. फॉन्सी दुकानात येऊन वासरांच्या खाद्याचं पोतं घेऊन गेला. त्याच्याकडे वासरं नाहीत.

पुढच्या वसंतात पुन्हा कॅरिगबॉयशीच गाठ पडली. ड्रमशाना एका गुणाने पुढे आणि शेवटाला ड्रमशानाचाच एक पोरगा गवतावर आडवा झाला. डिंपना पिशवी घेऊन उठली. दोन्ही गावं उभी राहिली. ओरनच्या आईने डोळे मिटून घेतले.

डिंपना चालली. अगदी सावकाश. मध्येच तिची पिशवी पडली.

सगळ्या मैदानाने सुस्कारा सोडला. "चाल गं बाई, चाल!" पलीकडून बार्टली ओरडला. "हवा तेवढा वेळ घे!" कॅरिगबॉयचे लोक चक्क टाळ्या वाजवत होते. मॅलकीने शिट्टी मारून तिला पिवळं कार्ड दाखवलं, आणि तोही हसत होता.

बाकावर पाण्याच्या बाटल्या सांभाळत ओरन बसला होता. त्याला आता खेळायची परवानगी नव्हती. ती परत आली तेव्हा त्याने घाबरत विचारलं, "काय झालंय गं त्याला?"

"काही नाही रे," ती शेजारी बसत म्हणाली. "हात टेकून पडलाय मेला."