तुह्याच अंगाची

मनीषनगरच्या बसस्टॉपवर एक काकू भर मे महिन्यात स्वेटर विणत बसायच्या. एकदा त्यांनी न विचारताच विणलेला भाग माझ्या पाठीला लावला. "हालू नको वं. माही पोरगी कॅनडात हाये, तुह्याच अंगाची."

मग ते रोजचंच झालं. घामात लोकर टोचायची, तरी मी मुकाट उभी राहायचे.

मध्ये आठवडाभर मी तापाने आजारी होते. परत गेले, तर काकूंनी दातांत धरलेली सुई काढली. "किती वाळली वं तू! आता सारं उसवू काय?"

"सॉरी," मी म्हणाले. "पण काकू, मुलीलाच माप विचारा ना."

"व्हिडिओत नुसतं तोंड दिसते तिचं. बाकीची पाच वर्सांत पाहिली कुठं मी?"

घरी येऊन मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.