आडनावाची किल्ली

सोलापुरात घरं शोधून देणाऱ्या एका गृहस्थाच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. कोणती पेठ हवी, हे तो कधी विचारत नसे. आडनाव ऐकून किल्ली काढी. "मानसानं आपल्या मानसांत ऱ्हावं की, मास्तर. लई बरं असतंय," म्हणे.

माझं आडनाव ऐकून त्याने शाळेजवळची, दारात विहीर असलेली खोली दाखवली. माझ्याबरोबरच रुजू झालेल्या मास्तरांनी आपलं सांगितलं, तेव्हा त्याने जुडगा उपरण्याखाली सारला आणि फार अदबीने म्हणाला, "तुमच्यासाठी गावाबाहेर बघतो की. हितं विहीर लोकांची हाय."

त्यांची दिवस भरलेली बायको ट्रंकेवर बसून स्टेशनात वाट पाहत होती. ते स्टेशनाकडे निघाले.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी किल्लीसाठी हात पुढे केला.