मामाच्या फटफटीवरचा निळा डाग

पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत जळोचीत एकच फटफटी होती आणि ती माझ्या मामाची होती. तिचा आवाज आला की आधी कोंबड्या पळत, मग म्हशी, मग माणसं. वाटेत कोणी उरतच नसे, त्यामुळे आपण फार छान चालवतो अशी मामाची पक्की समजूत झाली होती.

माझं नुकतंच लग्न झालं होतं. बायको माहेरी, इंदापूर तालुक्यात शेळगावला गेली होती. तिथे तिच्या मैत्रिणीला नवऱ्याने नव्याकोऱ्या सायकलवरून नेलं. झालं! हिचा मला निरोप आला, "न्यायला या, पण फटफटीवर या. बैलगाडी आणलीत तर मी परसातनं बाहेर येणार न्हाय."

मी मामापुढे जाऊन उभा राहिलो.

"ने की," मामा म्हणाला, "पण आधी ही धुराची नळी आरशागत झाली पायजे. असली घाण घिऊन माझी गाडी कुणाच्या दारात जायाची न्हाय."

घाण अर्थातच मामाची होती. आदल्या दिवशी गुऱ्हाळावरून येताना त्याने मागे काकवीची घागर बांधली होती. खड्ड्यात घागरीच्या तोंडाचं फडकं सुटलं आणि काकवी थेट धुराच्या तापल्या नळीवर. बारामतीच्या पेठेतून मामाची स्वारी निघाली ती करपलेल्या गुळाचा घमघमाट सोडत, मागे गांधीलमाश्यांची वरात घेऊन! आता ती काकवी नळीवर डांबरासारखी बसली होती आणि मुंग्यांनी तिच्यावर संसार थाटला होता.

मी रॉकेल चोळलं. मुंग्या गेल्या, काकवी राहिली.

मामी ओट्यावर तांदूळ निवडत होती. "आरं, गूळ हाय त्यो," ती म्हणाली. "काकवीची कढई कशी सोडवत्यात? ऊन पाणी वत."

नळीला फडकी गुंडाळून मी वरून कढत पाणी ओतत राहिलो. तासाभरात काकवी मऊ पडली, सालपटं निघाली. पण खाली आणखी एक डाग! निळा, पारव्याच्या मानेसारखा, चांगला वीतभर.

"मामी, ह्यो तर जाईना."

"चिंच घे, राख घे. हंडा निघतो, तर ह्यो काय निघना?"

मग मी नळी हंड्यासारखी मांडीवर घ्यायचीच तेवढी बाकी ठेवली. चिंच, राख, पुन्हा चिंच. दुपारपर्यंत निळा डाग गेला आणि नळीत माझे दात दिसू लागले.

मामा जेवायला आला. गाडीभोवती त्याने एक प्रदक्षिणा घातली, वाकला, नळीत बघून मिशी सारखी केली. "वा रं पठ्ठ्या!" आणि एकदम त्याचा चेहरा पडला.

"घाट कुठाय?"

"कुठला घाट?"

"दिवेघाट! हितं निळा व्हता की! तुझ्या मामीला मागं बसवून, वर बटाट्याचं पोतं घिऊन एका दमात चढवलीया गाडी. नळी तापून निळी झाली, ती खूण व्हती. येईल त्याला दाखवत हुतो मी. माझा घाट पुसलास रं तू!"

मामा मटकन ओट्यावर बसला. माझ्या डोळ्यांसमोर बैलगाडी उभी राहिली.

तेवढ्यात सूप आपटलं.

"एका दमात?" मामी म्हणाली. "आवं, निम्मा घाट मी ढकलली न्हवं का? पोतं उतरवून डोक्यावर घेतलं ते कुणी? बरं झालं गेला डाग. यील त्याच्याम्होरं मान खाली घालून बसायची पाळी यायची माझ्यावर, हसू दाबायला."

शेजारच्या अंगणात कोणीतरी खोकलं. मामा ताडकन उठला आणि त्याने माझा दंड धरून मला फटफटीकडे नेलं.

"जा तू. आत्ताच जा. पण शेळगावात ह्यातलं अवाक्षर काढायचं न्हाय."

मी शब्द पाळला. शेळगावात एक अक्षर काढलं नाही. वेस ओलांडल्यावर मात्र सगळं सांगितलं, मामीच्या आवाजासकट. बायको हसून हसून दोनदा पडता पडता राहिली.

जळोचीत मामा दारातच उभा होता. हिने डोक्यावरचा पदर नीट केला, वाकून नमस्कार केला आणि अगदी साळसूदपणे विचारलं,

"मामा, दिवेघाट लई उभा हाय का वो?"