संचिताची पडताळणी

संचिता आमच्याच मजल्यावर राहते, डोंबिवलीजवळ कोपरला. तिचे वडील महिपतकाका ठाण्यात माजिवड्याच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर आहेत. चेन्नईच्या लष्करी अकादमीसाठी ती लेखी परीक्षा पास झाली, मुलाखतीत निवडली गेली, मेडिकलही पार केली. मजल्यावर सगळ्यांना पेढे मिळाले. मग पडताळणीचा फॉर्म आला आणि तिचं जेवणावरचं लक्ष उडालं.

फॉर्ममध्ये विचारलं होतं, तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का? न्यायालयाने दंड केला आहे का?

झाला होता. संचिता मुलींच्या गोविंदा पथकात वरच्या थरावर चढायची. दोन वर्षांपूर्वी माजिवड्याला त्यांनी परवानगी नसताना रस्ता अडवून थर लावले. पोलिसांनी सगळ्यांची नावं घेतली. ठाण्याच्या कोर्टात पथकाचा कोच कुंडलिकदादा म्हणाला, "कबूल बोला गं सगळ्या. दंड मंडळ भरेल. तारखांना खेटे कोण घालत बसणार? ऑफिसं, कॉलेजं आहेत ना तुमची?" मुलींनी रांगेत उभं राहून "कबूल" म्हटलं आणि बाहेर येऊन वडापाव खाल्ला. प्रकरण मिटलं असंच सगळ्यांना वाटलं.

आता ती कल्याणला एका वकिलांकडे गेली. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "कबूल केलंत? मग दोषी ठरलात, बाळ. गुन्हा किरकोळ आहे, पण रेकॉर्ड आहे."

"म्हणजे अकादमी नाही म्हणेल?"

"नाही म्हणेलच असं नाही. पण लपवलंत आणि सापडलं, तर तेवढ्यावरच काढतील."

परतताना रिक्षात तिने फॉर्ममधला तो प्रश्न पुन्हा वाचला.

घरी काका म्हणाले, "'नाही' लिही. ठाण्याच्या रस्त्यावरचं ते. डोंबिवलीत कोण बघतंय?"

"आणि बघितलं तर, पप्पा?"

"आणि 'हो' लिहिलंस नि त्यांनी हाकललं तर? पेढे परत मागू का लोकांकडून?"

दोन दिवस तो रकाना कोरा राहिला. पथकात एक नियम होता. पाय सटकायला लागला की वरच्या मुलीने लगेच ओरडायचं, "सुटतेय!" खालच्या मुली तेवढ्यात हात वर करतात. एकदा संचिता लाजून गप्प राहिली होती. तेव्हा खालच्या मुलीचा खांदा निखळला. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने "हो" लिहिलं, कोर्टाच्या आदेशाची प्रत जोडली आणि पाकीट पोस्टात टाकलं. घरी मात्र सांगायची हिंमत झाली नाही.

काही आठवड्यांनी चौकशीला हवालदार आले. काकांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. "साहेब, आमच्या घरात पोलीस स्टेशनची पायरी कुणी चढलेलं नाही."

आतून संचिता बाहेर आली. तिचा आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा बोलावं लागलं. "माझ्यावर एक केस होती. फॉर्ममध्ये लिहिलंय मी."

काकांनी हातातली बशी खाली ठेवली.

हवालदारांनी कागद उलटून पाहिले. "लिहिलंयस खरं. मग मीपण तेच लिहिणार. पुढचं वरचे लोक ठरवतील." जाताना ते काकांकडे बघून म्हणाले, "चहा चांगला होता."

दार लागल्यावर काकांनी कपबशा उचलल्या. मग म्हणाले, "एवढं वर चढवलं तुला, आणि तूच हात सोडलास."

"सोडला नाही, पप्पा. ओरडले."

अजून पत्र आलेलं नाही. अनोळखी नंबर दिसला की ती फोन दोन रिंगा तसाच हातात धरते, मग उचलते. बहुतेक वेळा 'कर्ज हवंय का' विचारणारे असतात.

अकादमीत न्यायला लोखंडी पेटी लागते, काळी, वर पांढऱ्या अक्षरांत नाव. काकांनी ती वर्कशॉपमध्ये स्वतः बनवली. परवा घरी आणून तिची कडी बसवत होते.

"नाव रंगवता का आजच?" तिने विचारलं.

काकांनी कडी दोनदा उघडून मिटून पाहिली. "रंग आणलाय," ते म्हणाले. "पत्र येऊ दे."

पेटी त्यांनी दाराजवळच ठेवली आहे. झाकण अजून कोरं आहे.