साठ, साठ

शिरूरचे ते इलेक्ट्रिशियन दोष सापडेपर्यंत चहाला हात लावायचे नाहीत. मीटर गळ्यात, आणि त्यावरचा प्रत्येक आकडा ते दोनदा बोलायचे.

दसऱ्यानंतर शिक्रापूरच्या साइटवर माझं पोकलेन अडलं. इंजिनचा कॉम्प्युटर आणि केबिनमधला स्क्रीन यांचं एकमेकांशी बोलणंच तुटलं होतं. कंपनीचा माणूस म्हणाला, कॉम्प्युटर बदला. मी मात्र ऑपरेटरवर तोंडसुख घेत होतो. मशीन धुताना त्यानंच नको तिथं पाणी मारलं असणार, असं मी चारचौघांत बोलून बसलो होतो.

"कॉम्प्युटर गेला म्हननं सोपं हाय," बोलावून घेतलेले ते इलेक्ट्रिशियन म्हणाले. त्यांनी बॅटरी सोडवली आणि दोन वायरींना मीटर लावला. साठ ओहम यायला हवे होते. "एकशेवीस. एकशेवीस. म्हंजी मधी कुठंतरी तुटलंय."

मग उन्हात पालथे पडून, एकेक प्लग उघडत ते पुढं सरकत राहिले. दुपार कलल्यावर केबिनखालचा प्लग उघडला. आतली पिन हिरवी पडली होती आणि प्लगच्या तोंडाशी नारळाच्या शेंडीचा धागा अडकला होता.

"नारळाचं पानी गेलंय आत. पूजेचा नारळ हितंच फोडला व्हय? कुनी?"

ऑपरेटर खाली बघत राहिला.

"मी," मी म्हणालो.

पिन घासून त्यांनी प्लग बसवला. "साठ. साठ." बॅटरी जोडली, स्क्रीन उजळला. चहा आला तेव्हा त्यांनी आपला कप माझ्या हातात दिला आणि ऑपरेटरकडे बोट केलं.

"मालक, पयला त्याला. तुमच्या हातानं."