मुक्या बांगड्या

जालना जिल्ह्यात आमच्या थोरल्या जाऊबाईंइतकं ऐकू येणारं माणूस दुसरं सापडणार नाही, आणि त्यांच्याइतकं कुणाचंच न ऐकणारंही सापडणार नाही. मस्तगडातल्या आमच्या घरात त्या मागच्या खोलीत बसलेल्या असल्या, तरी समोरच्या खोलीत मी चमचा पातेल्याला घासला की आतून "हळू गं!" येतं. एकदा त्या म्हणाल्या, "ट्यूबलाइट सकाळधरून बोलून राह्यली." आम्ही सगळे माना वर करून ट्यूबलाइटकडे पाहत उभे राहिलो. ती गप्पच होती. मग जाऊबाई स्वतः स्टुलावर चढल्या आणि त्यांनी ती काढूनच ठेवली. त्या दिवशी सगळ्यांनी मेणबत्तीच्या उजेडात जेवण केलं. शेजारच्या बाईंना त्याचं फार कौतुक वाटलं. "देणगी आहे हो ही देवाची," असं त्या म्हणाल्या, तर जाऊबाई फाडकन म्हणाल्या, "देणगी-बिणगी काही न्हाई. दुखतंय ते."

गेल्या हिवाळ्यात आमच्या मनूचं, म्हणजे माझ्या लेकीचं, लग्न झालं. तेव्हा हॉल, जेवण, मानपान यांवर जेवढी चर्चा झाली नाही तेवढी एका प्रश्नावर झाली : थोरलीला मांडवात बसवायचं की नाही? प्रश्न ऐकूनच माझं डोकं फिरतं. पण तो पहिल्यांदा मनात आणणाऱ्यांत मीही होते, हे कबूल केलेलं बरं. ते सांगतेच, पण त्याआधी जाऊबाई कोण ते कळायला हवं.

नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत त्या उगवण तपासायचं काम करतात. ओल्या कागदात दाणे मांडायचे, कागद गुंडाळून ठेवायचा, ठरल्या दिवशी उलगडून किती उगवले ते मोजायचं. खोली गार, दार बंद, बोलायला कुणी नाही. इतर बायकांना तिथं आठवडाभरात कंटाळा येतो, जाऊबाई वीस वर्षं टिकल्या. "बी उगवताना आवाज करत न्हाई, म्हणून माझं त्याचं जमतं," असं त्या सांगतात. घरात मात्र सगळंच आवाज करतं. कुकर लावला की त्या अंगणात जातात आणि शिट्ट्या मोजायचं काम माझ्याकडे देतात. मिक्सर गच्चीवर असतो. पावसाळ्यात त्याला छत्री लागते. आमचे थोरले भाऊजी चहा बशीत ओतून भुरके मारत पितात. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण भाऊजींनी सकाळचा चहा बायकोसमोर कधी घेतला नाही. ते बशी सांभाळत जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसतात, मनसोक्त भुरके मारतात आणि मिशा पुसत खाली येतात. "आमचा संसार या जिन्यानं टिकवला," असं ते पाहुण्यांना अभिमानानं सांगतात.

कानांचंच असं आहे म्हणावं तर कातडीचंही तेच. ब्लाउज त्या शिवण बाहेर ठेवून घालतात. "ताई, ब्लाउज उलटा घातला वाटतं," असं एखादी नवी बाई दबक्या आवाजात सांगायला येते, तेव्हा त्या चांगल्या खणखणीत आवाजात म्हणतात, "उलटा न्हाई. तुमी सगळ्याजणी उलट्या घालून राह्यल्या. टोचायची बाजू काहून आत घ्यायची?" त्यांच्या पर्समध्ये पैसे नसले तरी चालेल, पण छोटी कात्री हवीच. कपड्याच्या मानेशी शिवलेली कंपनीची पट्टी दिसली की त्यांचा हात कात्रीकडे जातो. एकदा साड्यांच्या दुकानात त्या प्रत्येक साडी गालाला आणि मानेला घासून पाहत होत्या. दुकानदार अर्धा तास सोसत होता, शेवटी म्हणाला, "बाई, साडी नेसायची असती, तोंडाला लावायची न्हाई." जाऊबाई म्हणाल्या, "नेसणार मी हाय. तुमी हिशोबाच्या वहीवर बसा." आणि अख्खा ढीग पुन्हा पहिल्यापासून घासायला घेतला. आणलेली साडी सात वेळा धुतल्याशिवाय अंगाला लागत नाही, त्यामुळे त्यांची नवी साडी कधी कुणी पाहिलेली नाही.

त्यांना बरं करायचे प्रयत्न कमी झाले नाहीत. सासूबाईंनी मोहऱ्या-मिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्या विस्तवावर पडल्या आणि त्या धुराच्या खाटानं जाऊबाई दोन दिवस आडव्या झाल्या. सासूबाईंच्या मते ती दृष्ट फारच मोठी होती. मग भाऊजी त्यांना संभाजीनगरला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कान बिलकुल चांगले आहेत. जाऊबाई म्हणाल्या, "मी कवा म्हणलं खराब हायेत?" पुढं मनू पुण्याला शिकायला गेली आणि कुठंसं वाचून आली की अशी माणसं जगात पुष्कळ असतात, याला रीतसर नावही आहे. तिनं ते मोठ्या उत्साहानं सांगितलं. जाऊबाई शेंगा फोडत होत्या. त्या म्हणाल्या, "लोकं आधीच इतके नावं ठेवून राह्यलेत, त्यात आन्खी एक. ठेव तिथं." पण रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी तिला ते नाव कागदावर लिहून मागितलं आणि कागद कात्रीशेजारी ठेवला, हे मी पाहिलं आहे.

आमची पहिली भेट म्हणजे भांडणच होतं. मी नवी नवरी, कोपरापर्यंत हिरवा चुडा, पहिल्या सकाळी चहा करायला स्वयंपाकघरात गेले. कपबश्या काढताना बांगड्या खळाखळा वाजत होत्या. खिडकीपाशी जाऊबाई डोळे गच्च मिटून उभ्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "त्या बांगड्या काढून ठेव बरं आधी." नव्या नवरीला! बांगडी फुटली तरी आपल्यात 'फुटली' म्हणत नाहीत, 'वाढवली' म्हणतात. आणि ही बाई मला तोंडावर सांगते, काढून ठेव. मी रडून घर डोक्यावर घेतलं, त्याचाही त्यांना त्रासच झाला असणार. अंबडला आईला फोन केला. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आई पदर खोचून भांडायला हजर. जाऊबाईंनी तिला पाट दिला, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "शब्द चुकला माझा. पण आवाज मला खरंच सोसत न्हाई, काळजात सुई गेल्यावानी होतं." मग हिरव्या दोऱ्याचं रीळ आणून त्यांनी माझ्या बांगड्यांमधून तो आडवा-उभा असा विणला की सगळा चुडा एकमेकांना घट्ट धरून बसला. हात झटकला तरी आवाज नाही. त्यांच्या स्वतःच्या हातात तशाच बांगड्या होत्या, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. भांडायला आलेली माझी आई तासभर रीळ धरून बसली होती. गल्लीतल्या बायका त्याला मुक्या बांगड्या म्हणायच्या. "मुक्या का होईना, हायेत ना?" एवढंच जाऊबाईंचं उत्तर.

मनू तान्ही असताना अखंड रडायची. एकदा वैतागून मी तिला जाऊबाईंच्या मांडीवर टाकली आणि ती झोपली. घरात त्यांचीच एक खोली शांत होती, दुसरं काय! त्या खोलीत ती रांगली, तिथंच दहावी-बारावीचा अभ्यास केला, आणि पहिला पगार झाल्यावर पेढेही आधी तिथंच नेले. जाऊबाईंना मूल नाही. मनू मला आई म्हणते आणि त्यांना मोठी आई. दोघींतल्या कुणाला जास्त मानते हे मी तिला कधी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत आहे.

तिचं लग्न भोकरदनच्या घरात ठरलं. माणसं चांगली, पण बैठकीत नवऱ्या मुलाचे काका म्हणाले, "डीजे पायजेच. आमचे पोरं नाचल्याबिगर जेवत न्हाईत." आमच्याकडची मंडळी मान डोलावून बसली. पाहुणे गेल्यावर आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे सासऱ्यांच्या बहिणीनं, विषय काढला. "थोरलीला घरीच ठेवा. मांडवात कान दाबून बसली तर पाहुण्यात शोभा होईल." खोटं कशाला, माझ्याही मनात तेच आलं होतं. दोन दिवसांनी स्वयंपाकघरात मी चाचरत म्हटलं, "ताई, तुम्ही हॉलच्या वरच्या खोलीत बसा ना. अक्षतांपुरतं खाली या."

जाऊबाईंनी हातातलं ताट आवाज न करता ओट्यावर ठेवलं. "तू बी?" असं म्हणाल्या. "मी पोरीची मोठी आई हाय," त्या म्हणाल्या, "मी पह्यल्या रांगेत बसणार. कुणाला डीजे बंद कर म्हणणार न्हाई, कुणाला हळू बोल म्हणणार न्हाई. कानाचं मी पाहते. लोकाच्या तोंडाचं तू पाह्य." त्या दिवशी मला माझीच इतकी लाज वाटली की मी भाजीत दोनदा मीठ घातलं.

लग्नाच्या दिवशी त्या पहिल्या रांगेत, बरोबर मधल्या खुर्चीवर बसल्या. सात वेळा धुतलेली मोरपंखी साडी, नाकात नथ नाही कारण ती टोचते, आणि कानांवर पिवळंधमक, वाटीएवढं कानझाकणं. कंपनीत बी निवडायच्या मशीनवरची माणसं लावतात, तेच. अंबाड्यावरून त्याची पट्टी अशी ऐटीत बसवली होती की नवरा-नवरीच्या मुंडावळ्यांपेक्षा आधी तेच दिसायचं. फोटोग्राफर म्हणाला, "ताई, फोटोपुरतं काढा." त्यांना ऐकू गेलं नाही. नवऱ्या मुलाचे काका म्हणाले, "विहीणबाई काय क्रिकेट ऐकून राह्यल्या काय?" तेही ऐकू गेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा जाऊबाईंना काहीच ऐकू येत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांचे टोमणे वाया चालले होते. आत्याबाई बिचाऱ्या चिडून आवाज चढवत गेल्या आणि नेमका डीजे थांबला तेव्हा "इज्जत घालवली हिनं आमची!" हे अख्ख्या हॉलनं ऐकलं. ऐकलं नाही ते फक्त जाऊबाईंनी. त्या हसून आत्याबाईंना म्हणाल्या, "हो, जेवण झकास हाय म्हणतेत."

डीजे पुन्हा सुरू झाला तशी खुर्च्या थरथरायला लागल्या. जाऊबाईंच्या शेजारी नवऱ्या मुलाची आजी बसली होती. ती छातीवर हात ठेवून बराच वेळ सोसत होती. शेवटी तिनं जाऊबाईंचा दंड हलवला आणि त्यांच्या कानांकडे बोट दाखवलं. "बाई, तसलं आन्खी एक हाय का वो?" शब्द नाही पोचले, पण बोट पोचलं. जाऊबाईंनी खुर्चीखालून पिशवी ओढली. तीत आणखी चार होती. आजीनं एक लावलं, तिच्या मागच्या रांगेतून एका तान्ह्या बाळाच्या आईनं हात पुढं केला, मग कानठळ्या बसलेल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी. आणि मंगलाष्टकांच्या वेळी व्हिडिओत पुढच्या दोन रांगांत मिळून पाच पिवळी डोकी दिसतात. पाचवं कुणाचं ते ओळखायला जरा वेळ लागतो. ते आत्याबाईंचं आहे.

पाठवणीच्या वेळी डीजेची गाडी निघून गेली होती. जाऊबाईंनी कानांवरचं काढून माझ्या हातात दिलं. मनू आली आणि दोन्ही हात गळ्यात टाकून मोठ्या आईला बिलगली. कोपरापर्यंत भरलेला चुडा, आणि आवाज नाही! जाऊबाईंनी तिला हळूच दूर केलं, तिचे हात उलटसुलट करून पाहिले. हिरव्या दोऱ्यानं सगळ्या बांगड्या विणलेल्या होत्या.

"हे कवा केलं गं?"

"सकाळीच. तुला भेटायचं होतं ना नीट."

जाऊबाईंनी पर्समधून कात्री काढली आणि एकेक दोरा कापायला लागल्या. एक दोरा तुटला की चार बांगड्या सुट्या व्हायच्या, खळकन वाजायच्या आणि जाऊबाईंचा चेहरा आक्रसायचा. तरी थांबल्या नाहीत. "कान माझे हायेत," त्या म्हणाल्या, "त्याच्यापायी तुझ्या हातानं गप ऱ्हायचं न्हाई. तिकडं गेल्यावर तर बिलकुल न्हाई." दोन्ही हात मोकळे होईपर्यंत मनू रडत होती, मीही रडत होते, आणि भोकरदनची आजी पिवळं कानझाकणं लावूनच गाडीत बसली, ते अजून परत आलेलं नाही.

आता मनू महिन्यातून एकदा येते. तिनं अजून तो चुडा उतरवलेला नाही. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबते, आम्हाला काही कळतही नाही, आणि मागच्या खोलीतून जाऊबाई उठतात. बांगड्यांचा आवाज जवळ येत जातो तसे त्यांचे दोन्ही हात कानांवर घट्ट दाबले जातात. मी दार उघडायला पुढं झाले तर मला डोळ्यांनीच मागं सारतात. "आली माझी," असं म्हणत, कानांवरचे हात जराही न हलवता, त्या दाराची कडी कोपरानं काढतात.